डब्यांवरची फर्माईश

तिसगावात असताना वाचलेलं कुठलंही पुस्तक आज उघडलं, तर दोन पानांच्या बेचक्यात थोडं पीठ सापडतं. बहुतेक बाजरीचं, क्वचित गव्हाचं. तिथल्या वाचनालयात मी ग्रंथपाल होते आणि नऊ वर्षं पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत भाड्याने राहिले. खोलीला खिडकी एकच होती आणि ती गिरणीत उघडायची. पहिल्याच दिवशी मी घरमालकांना म्हटलं, "या खिडकीतून पीठ येतं."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग काय यावं म्हनता म्याडम? कोकनातला वारा?"

ते घरमालक मागच्या महिन्यात गेले. नगरला सावेडीतल्या माझ्या घरी त्यांच्या मुलाचा फोन आला. तो नुसता "म्याडम" म्हणाला आणि थांबला. मागून गिरणीचा आवाज येत नव्हता. तिसगावहून आलेला, गिरणीच्या आवाजाशिवायचा तो पहिलाच फोन. पुढचं त्याने सांगायच्या आधी मला कळलं.

गाव त्यांना मामा म्हणायचं. उंच, किंचित वाकलेले, आणि पापण्यांपासून पायांच्या नखांपर्यंत पांढरे. अंघोळ करून आले की ओळखू यायचे नाहीत. एकदा देवळात मी त्यांना अनोळखी समजून बाजूने निघून गेले, तर मागून आवाज आला, "म्याडम, भाडं न्हाई मागत, वळख तरी द्या."

गिरणीतल्या आवाजामुळे त्यांना ओरडून बोलायची सवय होती. गुपितही ते ओरडूनच सांगत, त्यामुळे त्यांच्यापाशी गुपित कोणी ठेवत नसे. माणसांना ते धान्यावरून ओळखायचे. "ती ज्वारी आली का?" म्हणजे माळीगल्लीतली अमुक बाई. मी एकटी असल्याने माझं दळण थोडं आणि सगळं मिसळलेलं असायचं. काही दिवस ते मला "भेसळ" म्हणत. मी हसले नाही म्हणून नंतर म्याडम म्हणू लागले. पीठ पडू लागलं की दोन बोटांत चिमूट धरून चोळायचे, डोळे मिटायचे, आणि पुढचं धान्य सोडायचे. घाईतल्या माणसाला ते चोळणं फार वाटे. "झालं की मामा, किती चोळता?" असं कोणी म्हटलं तर उत्तर ठरलेलं असायचं. "भाकरीला चीर पडली तर तू माझं नाव घेनार का तुझ्या बायकूचं?"

गिरणीत एका फळीवर ट्रान्झिस्टर असे, पीठ जाऊ नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला. तो सकाळपासून चालू असायचा. गिरणीच्या धडधडीत त्याचा एक शब्द ऐकू यायचा नाही. मी एकदा विचारलं, "ऐकू येत नाही तर लावता कशाला?"

"ऱ्हाऊ द्या. त्येला बी करमत न्हाई."

तर त्या ट्रान्झिस्टरवर ते गाणं पहिल्यांदा लागलं तेव्हा वीज गेली होती. दुपारी बाराला थोडा वेळ होता. गिरणी थांबलेली, रांगेत डबे मांडलेले, बायका डब्यांवरच बसलेल्या. ट्रान्झिस्टर सेलवर चालत असल्यामुळे त्याचा आवाज अचानक मोठा झाल्यासारखा झाला. त्या काळी कॅसेटवर नव्या चालींची मराठी गाणी येत, त्यातलंच एक. गिटार, मागे हळू वाजणारी बासरी, आणि कोणा नवख्या मुलाचा आवाज. निघायला उठलेल्या माणसाला कोणीतरी सांगतंय, एवढंच त्यात होतं. जाशील की, पण थांब जरा, अजून बोलणं व्हायचंय. कडवी तीन, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी तेच. खिडकीतून मी ऐकलं. मला बरं वाटलं, पण विशेष काही वाटलं नाही. माझ्यासारखंच बहुतेकांना वाटलं असावं, कारण कॅसेट कुठे खपली नव्हती.

गाणं संपलं आणि वीज आली. मामा खटक्याजवळ उभे होते, पण त्यांनी तो वर केला नाही.

"मामा, लाईट आली," कोणीतरी म्हणालं.

"आली तर बसंल जरा," ते म्हणाले, आणि पुढचं आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "ह्या गान्यात कुनालाच घाई न्हाई."

पुढच्या खेपेला नगरला गेले तेव्हा मी ती कॅसेट शोधून आणली. दुकानदाराने पुसून दिली, कारण तिच्यावर धूळ होती. मामांनी ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली, आणि मला परत दिली.

"आपलं आपन लावून ऐकायचं? ह्यात गानं डांबून ठिवलंय. रेडूवर आलं म्हंजी कसं, हितं मी ऐकतोय, तकडं नेवाशात बी कुनीतरी त्याच घडीला ऐकतंय. त्येला मी ठावं न्हाई, मला त्यो न्हाई. पन दोघं बी थांबलोय."

मग त्यांनी विचारलं, रेडिओवर ते पुन्हा कसं लागेल. मी सांगितलं, आठवड्यातून दोनदा त्याच वेळी फर्माइशींचा कार्यक्रम असतो. पोस्टकार्डावर गाण्याचं नाव लिहायचं, खाली आपली नावं. लोकांनी मागितलं तर लावतात. नाही मागितलं तर त्या गाण्याची टेप कपाटात जाते आणि तिथेच राहते.

"किती नावं लागत्यात?"

"जितकी जास्त तितकं बरं."

त्यांनी रांगेकडे पाहिलं. आमच्याकडे दळणाच्या डब्यांवर नाव रंगवून घ्यायची पद्धत आहे. पत्र्याचे चौकोनी डबे सगळे सारखे, अदलाबदल व्हायला नको म्हणून. गावात पाट्या रंगवणारा एक जण होता, तो लाल रंगात नाव लिहायचा, अक्षरांना काळी सावली द्यायचा, आणि खाली सूचना. त्या दिवशी रांगेत अकरा डबे होते. मामांनी कानावरची पेन्सिल काढली आणि पोस्टकार्डावर अकराच्या अकरा नावं रांगेतल्या क्रमाने उतरवली.

"लोकांना विचारा तरी," मी खिडकीतून म्हटलं.

"दळन टाकलंय न्हवं? मंग माझ्याकडं नाव टाकल्यागतच हाय."

"आणि तुमचं नाव?"

"दळनाऱ्याचा डबा नसतो म्याडम."

दहाएक दिवसांनी गाणं लागलं. निवेदकाने अकरा नावं वाचली. त्या दिवशी वीज होती, म्हणून मामांनी चालू गिरणीचा खटका पाडला. एका बाईचं दळण अर्ध्यात राहिलं, तिने तोंड सोडलं, आणि तेवढ्यात रेडिओतून तिच्याच नवऱ्याचं नाव आलं. तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. गाणं संपलं. मग ती म्हणाली, "ह्यांना कधीपास्नं गानी आवडाय लागली?" आणि दळण तसंच टाकून विचारायला घरी गेली.

तिथून हा नेम सुरू झाला. आठवड्याला दोन-तीन कार्डं, जसे डबे येतील तशी नावं. गाणं सुरू झालं की गिरणी बंद, ते संपलं की सुरू. गावातले लोक घड्याळाऐवजी यावर चालू लागले. "मामाची गिरणी थांबली, जेवाय चला," असं शेतातली माणसं म्हणायची.

घोटाळे व्हायचेच. दोन सख्ख्या भावांचं बांधावरून भांडण होतं आणि कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. त्यांचे डबे एका सकाळी योगायोगाने शेजारी आले, आणि पुढच्या आठवड्यात रेडिओने दोघांना एका दमात गाणं ऐकवलं. थोरला तरातरा गिरणीत आला.

"मामा, त्यानं माझं नाव घातलं व्हय?"

मामांनी चिमूटभर पीठ चोळलं. "नाव तर आलं बाबा."

"आन माझ्या म्होरं सवताचं नाव घातलं न्हाई. मला पयलं ठिवलं."

"थोरला हायेस तू."

थोरला तसाच निघून गेला. त्यांनी लगेच गळाभेट घेतली असं काही झालं नाही. बांध आहे तिथेच आहे. पण महिन्याभराने दोन्ही डबे एकाच सायकलवर येऊ लागले.

मामांना यात अपराधी वाटल्याचं मी कधी पाहिलं नाही. एकदा मात्र पाहिलं.

वरच्या आळीत हौसाबाई म्हणून एक विधवा होती. चाळिशीची, ठसठशीत, बोलायला फटकळ. तिच्या डब्यावर नवऱ्याचं नाव होतं: रंगनाथ सखाराम, वरची आळी. त्याला जाऊन तीन वर्षं झालेली. डबा तोच राहिला होता. मामांनी घाईत नाव उतरवलं आणि निवेदकाने ते वाचलं. "तिसगावहून रंगनाथ सखाराम." गिरणीत सात-आठ माणसं होती. सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ती झटकत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी हौसाबाई आली. डबा नव्हता. मी खिडकीतून पाहत होते आणि खिडकी लावून घ्यावी असं मला वाटलं, पण उठवलं नाही. मामांनी आपणहून गिरणी बंद केली.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "डब्यावर बघून लिवलं. ध्यानात आलं न्हाई."

हौसाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "मी चुलीम्होरं हुते," ती म्हणाली. "शेजारच्यांचा रेडू. मी आपली भाकर थापती आन त्यांचं नाव आलं. भाकर करपली माझी."

"चुकलं म्हनलं की."

"आवं ऐका तरी." ती आत आली. "ते गेल्यापास्नं त्यांचं नाव कुनी घेत न्हाई. आधी हाका मारायची मानसं. आता म्या बाईनं तर घ्यायचं न्हाई. लगीन झाल्यापास्नं घेतलं न्हाई, आता काय घेनार. सातबाऱ्यावरनं बी काढलं." मग पदर नीट केला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पुन्यांदा लिवताना 'वरची आळी' बी लिवा. डब्यावर हाय न्हवं. ते न्हाई वाचलं त्यांनी."

त्यानंतर जवळजवळ प्रत्येक कार्डावर पहिलं नाव तेच असे. डब्यावरचा रंग उडू लागला तेव्हा मामांनी पाट्या रंगवणाऱ्याला बोलावून तो स्वतः ताजा करून घेतला.

वर्ष असं गेलं. मग एका बाजाराच्या दिवशी गिरणीसमोर जीप थांबली आणि रेडिओ केंद्रातल्या एक अधिकारी बाई उतरल्या. त्यांच्या हातात पोस्टकार्डांचा गठ्ठा होता. आत येऊन त्यांनी आधी भिंतीवर, मग फळीवर, मग मामांवर नजर फिरवली, आणि एका कार्डावरून बोट ओढून ते मामांना दाखवलं. बोट पांढरं झालं होतं.

"ही सगळी तुम्ही लिहिता?"

"नावं त्यांची हायेत," मामा म्हणाले.

"अक्षर एकच आहे."

"दळन येगळं असलं तरी गिरनी एकच हाय."

बाई हसल्या नाहीत. वाईट नव्हत्या, नियमाच्या होत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं, एका माणसाने कितीही कार्डं पाठवली तरी ती एकाच श्रोत्याची धरतात. म्हणजे या गाण्याला एक श्रोता आहे. महिनाअखेर यादी होते, मागणी नसलेली गाणी तीतून काढतात.

"मंग हे जानार?"

"एका माणसासाठी ठेवता येत नाही, मामा."

मामांनी खटक्याला हात लावला. पीठ चोळायलाही काही नव्हतं, गिरणी बंद होती. तोंडावर इतकं पीठ असताना माणसाचा चेहरा उतरलेला दिसू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

"एक कसं काय?" रांगेतून हौसाबाईचा आवाज आला. "वरीसभर हितं गिरनी थांबती तवा आमी काय कानात बोळे घालून बसतो? अर्धं दळन टाकून ऐकलंय बाई. शिव्या देत ऐकलंय, पन ऐकलंय."

अधिकारी बाई वळल्या. "तुम्हाला येतं का ते गाणं?"

हौसाबाईने शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीने तिच्या शेजारणीकडे. मग डब्यांवर बसल्या बसल्याच त्यांनी गायला सुरुवात केली. चाल मूळची नव्हती. गिटारबिटार त्यांच्या गळ्यात बसणार कसं? ती जात्यावर बसून म्हणावी तशी लांब, ओढलेली चाल होती, आणि गाणं मुळापेक्षा दुप्पट वेळ चाललं. थांब जरा, अजून बोलणं व्हायचंय. मधे एक कडवं विसरलं, तर मागच्या कोपऱ्यातून एका म्हाताऱ्याने ते जोडलं. बाजारातली माणसं दारात गोळा झाली.

बाई शेवटपर्यंत उभ्या होत्या. "चाल वेगळी आहे," त्या म्हणाल्या.

"आसंल," हौसाबाई म्हणाली. "गानं त्येच हाय."

जाताना बाईंनी सांगितलं, महिना संपायला बारा दिवस आहेत. कार्डं येऊ द्या, पण ज्याचं नाव त्याच्या हाताने.

अडचण तिथेच होती. रांगेतल्या निम्म्या बायकांनी कधी पेन्सिल धरली नव्हती. त्या माझ्याकडे आल्या आणि मी लिहून द्यायला बसले. तिसरं कार्ड लिहिताना मामा खिडकीतून ओरडले, "म्याडम, आता तुमच्या एकटीचं गानं हुईल की ते." मग मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात गाण्याचं नाव लिहिलं आणि तो गिरणीत टांगला. ते बघून काढायचं. आणि स्वतःचं नाव? ते तर प्रत्येकीच्या समोरच होतं, डब्यावर.

आठ दिवस गिरणीत ते लिखाण चाललं. बायका मांडीवर कार्ड घेऊन डब्याशेजारी बसायच्या आणि रांगोळी काढावी तसं नाव काढायच्या. अक्षर म्हणून नव्हे, चित्र म्हणून. लाल अक्षरं, काळी सावली, सगळं. एकीने मुलाच्या खडूंतून लाल खडू आणला. मामा मधून फिरायचे आणि ओरडून शाबासकी द्यायचे. पन्नासच्या वर कार्डं झाली. ती मी नगरला स्वतः नेऊन दिली. एसटीत मांडीवर ठेवली होती, आणि वाटेत एकदाही वाचून बघितली नाहीत. बघायला हवी होती.

पुढच्या फर्माइशीला निवेदकाने सुरुवात केली. "तिसगावहून द्वारकाबाई किसन, खालची गल्ली." मग तो थोडा थांबला. "झाकण हरवू नये."

गिरणीत सगळ्यांच्या माना डब्यांकडे वळल्या.

"तिसगावहूनच पार्वती लहानू, झाकण हरवू नये. चंद्रभागा दगडू, दुसऱ्याने नेऊ नये. रंगनाथ सखाराम, वरची आळी, झाकण हरवू नये." दहाव्या नावापर्यंत हसू दाबून त्याचा आवाज थरथरू लागला होता, पण त्याने एकही सूचना गाळली नाही. डब्यावर जे होतं ते सगळं बायकांनी निष्ठेने उतरवलं होतं. नाव कुठे संपतं आणि सूचना कुठे सुरू होते, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पाट्या रंगवणाऱ्याने नंतर आठवडाभर तोंड दाखवलं नाही. वास्तविक त्याची अक्षरं नगरपर्यंत गेली होती.

गाणं यादीत राहिलं.

ते मोठं झालं ते मात्र आणखी वेगळ्या वाटेने, आणि फार हळू. आमच्या पाथर्डी भागातली पुष्कळ कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि फडाजवळ पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहतात. जाण्याआधी ती सगळ्या हंगामाचं दळण करून घेतात. गोणीचं तोंड शिवण्याआधी मामा पिठावर एक कोरं कार्ड ठेवायचे. "कोपीवर रेडू हाय न्हवं? मंग टाका." कारखान्यांच्या फडांवरून कार्डं जाऊ लागली. एका हिवाळ्यात फर्माईश आली नेवाशाच्या बाजूने, आणि नावं आमची. पुढच्या हिवाळ्यात नेवाशाहूनच आली, आणि नावं अनोळखी.

मामांनी खटका पाडलेला होता. ते ती नावं बोटांवर मोजत बसले. "ह्यातला एक बी डबा माझ्याकडं आलेला न्हाई," ते म्हणाले. त्यांना आनंद झाला होता की थोडं लागलं होतं, मला सांगता यायचं नाही. लेक सासरी रुळल्याचं कळल्यावर बापाचा चेहरा होतो तसा काहीसा.

नंतर लग्नाच्या बँडवाल्यांनी ते उचललं. शाळेच्या निरोप समारंभात मुलं म्हणू लागली. गायकाचं नाव लोकांना माहीत झालं, मग लोक ते विसरले, आणि गाणं तसंच राहिलं. माझी बदली नगरच्या ग्रंथालयात झाली आणि मी सावेडीत आले. एके दिवशी रिक्षात बसले आणि रिक्षात तेच चालू होतं. घरी पोचताच मी मामांना फोन केला.

"तुमच्या सावेडीत?" ते ओरडले.

"हो."

"रिक्षावाला कुठला?"

"विचारलं नाही."

"इचारायचं की. येवढी शिकलेली मानसं तुमी."

ते ओरडणं आता सवयीचं नव्हतं. गिरणीने त्यांचे कान खाल्ले होते. आधी बासरी गेली, हे त्यांनीच मला सांगितलं. "गिटार येतंय, पन ती मागची पिपानी गेली." दोन वर्षांनी गिटार गेलं. मुलाने कानाचं मशीन आणून दिलं, ते त्यांनी पिशवीत घालून ट्रान्झिस्टरशेजारी ठेवलं. शेवटच्या भेटीत मी पाटीवर लिहून बोलले.

त्या दिवशी बाराला थोडा वेळ असताना त्यांनी खटका पाडला. कार्यक्रमाचा दिवस होता. मी रेडिओकडे कान दिला. दुसरीच दोन गाणी झाली, मग ते लागलं. नावं आता मोबाईलवरून येतात, कुठकुठून येतात. मामांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. ते रांगेसमोर स्टुलावर बसले आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागले. मी पाटीवर लिहिलं, "लागलं."

"दिसतंय," ते म्हणाले. "तुमी ऐका. मी बघतो."

ते गेल्यावर मी दहाव्याला तिसगावला गेले आणि चौदाव्या दिवसापर्यंत माझ्या जुन्या खोलीत राहिले. गिरणी बंद होती. खिडकीतून पीठ येत नव्हतं, तरी मी सवयीने पुस्तक पदराखाली धरून वाचत होते. बाराव्याच्या सकाळी हौसाबाई आली. आता सत्तरीला टेकलेली, गुडघ्यांवर हात ठेवून चालणारी, बोलायला तेवढीच फटकळ. काखेत तोच पत्र्याचा डबा होता.

"म्याडम, ते मोबाईलवर नावं पाठवायची आस्त्यात ना? नातीला सांगितलं तर ती म्हनती आजी नंतर. तुमी लिवा."

मी फोन काढला. "सांगा."

तिने मामांचं नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, स्पष्ट. गावात ते नाव मी इतक्या वर्षांत तिसऱ्यांदा ऐकत असेन. ते इथे लिहीत नाही, कारण त्यांनी ते कधी कुठे लिहिलं नाही.

"त्येंच्या आदी आमचं बी घाला," ती म्हणाली.

"तुमचं?"

"माझं कशाला? यांचं."

मी थांबले. ती काही बोलेना. बोलणार नाही हे माझ्या लक्षात यायला जरा वेळच लागला. तिने डबा माझ्यासमोर ठेवला, वळवून, नावाची बाजू माझ्याकडे करून.

"हाय त्येच लिवा. सगळं."

मी सगळं लिहिलं.

चौदाव्या दिवशी मुलाने गिरणी उघडली. माझी एसटी दुपारची होती, म्हणून मीही जाऊन एका डब्यावर बसले. रांग दारापर्यंत गेली होती. गिरणी धडधडत होती आणि पिशवीतला ट्रान्झिस्टर नेहमीसारखा कोणाला ऐकू न येणारं काही बोलत होता. बाराला थोडा वेळ राहिला. मुलाने रेडिओकडे पाहिलं, धान्याकडे पाहिलं. दळण निम्मं झालं होतं आणि गिऱ्हाईक घाईचं होतं. त्याने खटका पाडला.

पहिली दोन गाणी दुसरी होती. मग निवेदिका, कोणी तरुण मुलगी, पुढचं वाचू लागली. नेवाशाहून चार नावं, श्रीगोंद्याहून दोन. "आणि तिसगावहून, रंगनाथ सखाराम, वरची आळी." ती थांबली. पुन्हा एकदा नीट वाचून पाहत असावी. "झाकण हरवू नये."

गिरणीत हशा पिकला. म्हाताऱ्या तर डोळे पुसत हसत होत्या. त्या हसण्यातच मामांचं नाव आलं, आणि "श् श्" करून एकमेकींना गप्प करेपर्यंत ते निम्मं हरवलं. हौसाबाईने डब्याचं झाकण घट्ट दाबून बसवलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

गिटार सुरू झालं. मागे बासरी होती. मुलगा खटक्याजवळून निघाला, बापाच्या स्टुलावर येऊन बसला, आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागला.